दिवसाचा आरंभ वचनाने व्हावा

महोदय,

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचण्याची किंवा रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणण्याची रीत जुनी आहे आणि ती अनेक घरांत आजही पाळली जाते. परंतु मुंबईत एकाला विरार किंवा कल्याणची लोकल पकडून घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात, दुसऱ्याची रात्रपाळी असते, मुले क्लासहून यायची असतात, आणि सगळे घरी आहेत अशी संध्याकाळ आठवड्यातून एखादीच मिळते. म्हणून ही कौटुंबिक प्रार्थना सकाळी, कामाला हात लावण्याआधी आणि मोबाइल उघडण्याआधी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

सकाळी वेळ कुठे आहे, असे आमच्या चर्चच्या मंडळीतील अनेक जण विचारतात आणि त्यांची अडचण खरी आहे. पाणी भरायचे असते, डबे करायचे असतात, नेहमीची गाडी चुकली तर पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. अशा वेळी नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय सावकाश वाचावा. कफर्णहूम गावात शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, येशूने सभास्थानात शिक्षण दिले, अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाला मोकळे केले, तापाने पडलेल्या, आपला शिष्य शिमोन याच्या सासूला बरे केले, आणि सूर्य मावळल्यावर सारे गाव रोग्यांना घेऊन दाराशी लोटले. इतक्या श्रमाच्या दिवसानंतर तो दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन व त्याचे सोबती शोधत आले आणि सगळे लोक तुमचा शोध करीत आहेत, असे म्हणाले. त्या लोकांची गरज खोटी नव्हती. तरीही येशू त्यांच्याकडे परतला नाही; जवळपासच्या गावांतही मला उपदेश करायचा आहे, त्यासाठीच मी आलो आहे, असे सांगून तो पुढे निघाला. आज कोठे जायचे, याचे उत्तर लोकांची हाक येण्याआधीच पित्याच्या सान्निध्यात त्याला स्पष्ट झाले होते, असे मी या प्रसंगातून समजतो. डोळे उघडताच आपण कार्यालयाचे निरोप वाचू लागतो, तेव्हा हाच क्रम आपण उलटा करतो.

जुन्या करारातील संदेष्टा दानीएल हाही रिकामा माणूस नव्हता. राजा दारयावेशाच्या १२० प्रांताधिकाऱ्यांवर नेमलेल्या तीन अध्यक्षांपैकी तो एक होता आणि तरीही दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहिली पाहिजे. सकाळची प्रार्थना हे घरातील स्त्रीच्या पदरी पडलेले आणखी एक काम होऊ नये. ती पोळ्या लाटत असताना बाकीच्यांनी दिवाणखान्यात वचन वाचायचे, याला कौटुंबिक प्रार्थना म्हणणे मला पटत नाही. डबे भरणे, पाणी भरणे, मुलांची तयारी ही कामे पुरुषांनी वाटून घ्यावीत, म्हणजे तीही शांतपणे बसू शकेल.

वाचन थोडे असावे, पण ठरलेले असावे. बायबल उघडून जे पान समोर येईल ते वाचण्याची सवय फार काळ टिकत नाही. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय वाचला, तर ५२ आठवड्यांत तो पूर्ण होतो. बहुतेक अध्यायांना पाच-सात मिनिटे पुरतात. त्यानंतर थोडे मनन, घरातल्या प्रत्येकासाठी नाव घेऊन प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली), एवढे पुरेसे आहे. वाचन मोठ्याने आणि मराठीत व्हावे. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले देवनागरी वाचताना अडखळतात. त्यांना अडखळू द्यावे, पण वाचायला त्यांनाच सांगावे. मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला, तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी आपल्या भाषेत हे वचन वाचले आहे, आणि ती परंपरा आपल्या घरात खंडित व्हावी याचे मला फार दुःख होईल.

ज्यांची पाळी पहाटेच सुरू होते त्या परिचारिका, बेस्टचे चालक आणि सफाई कामगार यांना घरच्यांबरोबर बसणे शक्य नसते. त्यांनी तोच अध्याय प्रवासात वाचावा, आणि घरच्यांनी त्यांच्यासाठी त्या वेळी प्रार्थना करावी.

मुंबईतील मराठी मंडळ्यांच्या पाळकांना या पत्राद्वारे माझी विनंती आहे, की त्यांनी रविवारच्या उपासनेत सूचना देताना पुढील आठवड्याचे पाच अध्याय जाहीर करावेत आणि मोठ्या अक्षरांत छापलेले कागद वृद्धांसाठी दाराशी ठेवावेत.

आपला,
एक वाचक, भायखळा, मुंबई