फॉइलचे डबे ओल्या कचऱ्यात टाकू नका हो

मा. संपादक, सा. न.

रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगखाली कचरागाडी आली तेव्हा बघितलं, तीन घरांनी डाळ-सब्जी चिकटलेले फॉइलचे डबे तसेच ओल्या कचऱ्यात ओतले आणि गाडीवरचा मुलगा हाताने एकेक वेचत होता. मला फार वाईट वाटलं. आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं म्हणून आपण सगळीकडे सांगतो ना?

सध्या भाचीची दहावीची केमिस्ट्री घेतेय म्हणून जास्तच लागलं. तिने विचारलं, मावशी, पृथ्वीच्या कवचात लोखंड ५ टक्के आणि ॲल्युमिनियम ८ टक्के, मग लोखंड हजारो वर्षांपासून आणि ॲल्युमिनियम एवढ्यात कसं? किती छान प्रश्न! खडकात दोघंही ऑक्सिजनला धरून असतात, लोखंडाचा ऑक्सिजन भट्टीत कोळशापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड काढून घेतो, पण ॲल्युमिनियम आपले तीन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन बसतं, एक प्लस एक मायनस, ती पकड साध्या भट्टीत सुटतच नाही, ऑक्सिजनला धरलेला हा ऑक्साइड नुसता वितळवायलाच २००० डिग्रीच्या वर जावं लागतं. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघंही २२-२३ वर्षांची पोरं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, दोघांनी तो ऑक्साइड वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात विरघळवला, वीज सोडली आणि धातू वेगळा काढला. आजही तीच पद्धत आहे, किलोमागे साधारण १४ युनिट वीज. आमचा फ्रिज तेवढ्यात दोन आठवडे चालतो.

आणि एकदा सुटलेला धातू परत वितळवायला ६६० डिग्री पुरतात, नव्याने काढायला लागते त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा. भाचीला खलबत्त्यात खडा मीठ कुटायला दिलं, एका ठोक्यात चुरा झाला, कारण मिठातही प्लस-मायनसचीच पकड असते, थर सरकला की प्लससमोर प्लस येतो आणि ते एकमेकांना ढकलतात. मग फॉइलचा गोळा दिला, तो नुसता चपटा झाला. धातूत इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, थर सरकले तरी धरून राहतात. ती दहा मिनिटं ठोकत बसली होती.

म्हणून विनंती आहे, डबा खळखळून धुवा, चांगला दाबून गोळा करा (सुटे पातळ तुकडे वितळवताना जळतात आणि परत ऑक्साइडच होतात) आणि सुक्या कचऱ्यात द्या. लग्नाचे केटरर, टिफिनवाले यांनी तर नक्कीच. गाडीच्या भोंग्यावर फॉइलचं वेगळं सांगितलं तर फार बरं होईल, नाहीतर साठवून अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) द्या, तो ॲल्युमिनियम किलोने घेतो.

एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर