पार्किन्सन्सच्या नावाने स्टेम सेलच्या जाहिराती छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पेपरात, खास करून रविवारी, "पार्किन्सन्सवर स्टेम सेल थेरपी", "अल्झायमर आता बरा होतो" असल्या जाहिराती सारख्या दिसतात, कधी चौकटीत तर कधी चक्क लेखासारख्या मांडून. फक्त आपल्याच पेपरात नाही, बऱ्याच ठिकाणी. मी पुण्यात एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट आहे, स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, वाढवून त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी तयार करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. सोसायटीतले काका, आईच्या भिशीतल्या मावशी सगळे मला एकच विचारतात, तुझ्याच लाइनीतलं आहे ना गं, मग आमच्या ह्यांना घेऊन जाऊ का?

ओळखीतल्या एका काकूंनी तर विचारलंही नाही, एफडी मोडली आणि पार्किन्सन्स म्हणजे कंपवात झालेल्या काकांना असल्या क्लिनिकमध्ये घेऊन गेल्या. काका शाळेत शिक्षक होते, फळ्यावरचं अक्षर बघत राहावं असं, आणि आता सही इतकी बारीक होत जाते की बँक चेक परत पाठवते. असं डोळ्यासमोर बघितल्यावर माणूस मिळेल त्या आशेला धरतो, काकूंना मी अजिबात दोष देणार नाही. इंजेक्शनं झाली, थरथर होती तिथेच आहे, पैसे मात्र गेले.

आता आमच्या लॅबमध्ये काय चालतं ते सांगते, म्हणजे जाहिरात वाचताना लोकांना अंदाज येईल. मेंदूत खोलवर सबस्टान्शिया नायग्रा म्हणून एक भाग असतो, तिथल्या डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी पार्किन्सन्समध्ये हळूहळू मरत जातात, आणि थरथर दिसायला लागते तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या काढून बघता येत नाहीत. पण जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या पेशींवर दाखवून दिलं की चार ठरावीक जीन्स आत घातले की त्वचेची साधी पेशी परत अगदी सुरुवातीच्या अवस्थेत जाते आणि तिच्यापासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनवता येते, ह्यासाठी त्यांना 2012 चं नोबेल मिळालं. म्हणून आम्ही पेशंटच्या रक्तातल्या किंवा त्वचेच्या तुकड्यातल्या पेशी घेऊन त्यांच्यापासून डिशमध्येच मेंदूच्या पेशी बनवतो, त्या का मरतात, अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रोटीन त्यांच्यात का साचतं हे बघतो, वेगवेगळी औषधं टाकून बघतो. ह्या पेशी पेशंटला टोचायला नसतात, अभ्यासाला असतात.

सकाळी आल्या आल्या प्लेट इन्क्युबेटरमधून काढून मायक्रोस्कोपखाली ठेवायची. कॉलनी, म्हणजे पेशींचा पुंजका, चांगली असली की तिची कड स्वच्छ गुळगुळीत दिसते, पेशी एकमेकींना खेटून दाट बसलेल्या. कडेला कुठे पसरट, मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी दिसल्या की समजायचं त्या भरकटल्या, मग जंतू येऊ नयेत म्हणून असलेल्या हुडखाली बसून पिपेटच्या टोकाने तेवढ्याच खरवडून काढायच्या, नाहीतर अख्खी प्लेट बिघडते. मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्य असलेलं द्रव, रोज बदलायचं, रविवार असो की लक्ष्मीपूजन. ज्या थरावर पेशी वाढतात ते मॅट्रिजेल बर्फावरच ठेवावं लागतं, जरा ऊब लागली की नळीतच घट्ट होतं. पुढे ठरलेल्या दिवशी ठरलेली केमिकल्स द्यायची, एकही दिवस मागेपुढे चालत नाही, आणि महिना दीड महिना गेल्यावर लांब धागे फुटलेले न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, दिसतात, स्टेन करून (रंग देऊन) बघितलं की त्यातले डोपामिनवाले हिरवे चमकतात. ते बघताना खरंच फार आनंद होतो. पण एवढं करूनही प्लेटमधल्या सगळ्या पेशी डोपामिनच्या होत नाहीत, काही दुसऱ्याच कुठल्यातरी होऊन बसतात.

सगळं आपल्या हातात असताना ही गत आहे. मग पाठीच्या कण्यातून किंवा सलाइनमधून सोडलेल्या पेशी आपण होऊन मेंदूत जातील, नेमक्या जागी बसतील आणि डोपामिन करायला लागतील असं लोकांना कशाच्या जोरावर सांगतात? क्लिनिकमध्ये देतात त्या पेशी बहुतेक वेळा पेशंटच्याच बोनमॅरोतून नाहीतर पोटाच्या चरबीतून काढलेल्या असतात. त्यांनाही स्टेम सेल म्हणतात खरं, पण मिरचीचं बी पेरून आंबा येत नाही.

धोका तर वेगळाच. आमच्या पेशी खरोखर कुठलंही रूप घेऊ शकतात का हे तपासायची जुनी पद्धत म्हणजे त्या उंदरात टोचायच्या आणि गाठ होते का बघायचं. टेराटोमा म्हणतात तिला, कापून बघितलं तर कूर्चा, आतड्याचं अस्तर, नसा सगळं एकात मिसळलेलं. टोचलेल्या पेशींच्या गाठी माणसातही झाल्यात. मेंदूचाच एक आनुवंशिक आजार असलेल्या इस्रायलमधल्या एका मुलाला मॉस्कोला नेऊन गर्भाच्या मेंदूतल्या स्टेम सेल टोचल्या होत्या, पुढे त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी निघाल्या, आणि मणक्यातली काढून तपासल्यावर ती टोचलेल्या पेशींचीच ठरली. 2009 मध्ये प्लॉस मेडिसिन ह्या जर्नलमध्ये ही केस छापून आली.

ह्याचा अर्थ स्टेम सेल थोतांड आहे असा कुणी काढू नये, मला ह्या कामाबद्दल मनापासून आशा आहे. क्योटो युनिव्हर्सिटीने 2018 साली सुरू केलेल्या ट्रायलचे निकाल एप्रिल 2025 मध्ये नेचर ह्या जर्नलमध्ये आले. 7 पेशंट, निरोगी माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या डोपामिनच्या कच्च्या पेशी ऑपरेशन करून थेट मेंदूत बसवल्या, 2 वर्षं नजर ठेवली, गंभीर त्रास कुणाला झाला नाही आणि परिणाम तपासलेल्या 6 जणांपैकी 4 जणांची हालचाल औषधाचा असर नसतानाही आधीपेक्षा सुधारली. आम्ही लॅबमध्ये तो पेपर हातातली कामं बाजूला ठेवून वाचला. पण 7 म्हणजे फार थोडे लोक, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे निकाल जपूनच वाचायला हवेत. आणि इकडे गल्लीतलं क्लिनिक गॅरंटी देतं.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटीच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोनमॅरोसारखं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी जे काही करायचं ते परवानगी घेऊन क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर तिथेच उठून यायचं. 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मेंदूचे विकारही आहेत. माझी विनंती एवढीच, अशी जाहिरात आली की आपल्या जाहिरात विभागाने ती ह्या कायद्याशी ताडून बघावी आणि सरळ परत पाठवावी. पेपरात छापून आलंय म्हणजे खरंच असणार असं मानणारी पिढीच ह्या आजाराच्या वयात आहे.

ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी प्लीज आधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. डोपामिनची कमतरता भरून काढणारं लेव्होडोपा हे औषध वेळच्या वेळी, रोजचा व्यायाम, गरज असेल त्यांना डीबीएस (मेंदूत बारीक तारा बसवायची) सर्जरी, ह्यांनी आजार जात नाही पण दिवस नक्की सुकर होतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंट आणि घरचे एकमेकांना धरून असतात, एकदा जाऊन या.

11 एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. त्या दिवशी ह्या विषयाला अर्धं पान द्याल का? डॉक्टर आणि पेशंट लिहितीलच, लॅबची बाजू मी लिहून देईन.

आपली,
एक संशोधन सहायक, पुणे
(कृपया नाव छापू नये)