सई, रात्री मशीन लावू नकोस

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर मिहीरचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, तू. असो. फोनवर आपण दोघी एकदमच बोलायला लागतो आणि कुणाचंच पुरं होत नाही, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

अंगठ्याला टाके पडल्याचं मला मिहीरकडून कळलं. पटाशीने लागलं, लाकूड कापायच्या मशीनने नाही, हे तू त्याला पुन्हा पुन्हा बजावलंस म्हणे. म्हणजे माझ्या मनात काय येईल हे तुला चांगलं ठाऊक होतं. पटाशीच्या जखमेचं मला काही वाटत नाही. धारदार पात्याची जखम सरळ असते, कडा नीट जुळतात, लवकर भरून येते. राग आला तो वेळेचा. रात्रीचे साडेअकरा, वर्कशॉपमध्ये तू एकटी आणि दाराला आतून कडी. त्या दिवशी पटाशी होती. मशीन सुरू असतं तर?

हा विषय शेवटी काढायचा, तोही एका ओळीत, असं ठरवून बसले होते. जाऊ दे.

आधी दुसरं सांगते. तू केलेल्या त्या लाकडी पेटाऱ्याचा फोटो मी आप्पांना दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "झाकण बरं बसलंय, पण हे पोरीच्या जातीचं काम नव्हे, हातात ताकद लागते." मी त्यांना विचारलं, सत्तर किलोच्या माणसाचा एक पाय किती वजनाचा असतो? गप्प. अकरा-बारा किलोचा. खुब्याच्या ऑपरेशनआधी तो पाय कुणीतरी उचलून धरायचा असतो, संपूर्ण निर्जंतुक करून होईपर्यंत. ते काम माझं होतं. तेव्हा कुणी मला ताकदीचं विचारलं नाही. ताकद विचारतात ती नाव आणि पैसे मिळायची वेळ आली की. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. तुझ्या बाबांनी ऐकायला हवं होतं.

आणि हत्यारांचं म्हणशील, तर तुझ्या आधी या घरात ती मी हाताळली आहेत. हाडांच्या ऑपरेशन थिएटरमधली माझी हत्यारांची ट्रॉली आठव, तुला एकदा लांबून दाखवली होती. छिन्नी, हातोडी, करवत, कानस, ड्रिल, स्क्रू. नवे विद्यार्थी ती बघून दचकायचे. छिन्नी बोथट असली की सर्जन जोर लावतो, आणि जोर लावला की ती घसरते. तुझ्या अंगठ्याचंही हेच झालं असणार, धार उतरली होती. खरं ना? दिवसभराच्या थकव्यानंतर, रात्री, धार लावायचा कंटाळा करून तू तशीच रेटत होतीस. मी तिथे नव्हते, तरी मला दिसतंय.

तू लहान असताना शिलाई मशीनच्या टेबलाचा खण दर पावसाळ्यात अडकायचा. बाबा दर वर्षी तो हिसके देऊन उघडायचे आणि दर वर्षी मूठ हातात यायची. एकदा तू तो खण काढून अंगणात नेलास, मेणबत्ती घासलीस आणि परत बसवलास. चालला थोडे दिवस. आता तू मला सांगतेस की लाकूड लांबीला जवळपास वाढत नाही, रुंदीला वाढतं, हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि कोरड्या दिवसांत आक्रसतं. म्हणूनच दाराच्या चौकटीतली मधली फळी चिकटवायची नसते, नुसती खाचेत मोकळी ठेवायची. हे ऐकल्यापासून मी घरातली सगळी कपाटं हात लावून बघितली. दोनच प्रामाणिक निघाली. बाकीच्यांची फळी चिकटवलेली आणि मधोमध तडकलेली. जुन्या कपाटाचा तडा म्हणजे वयाचा दोष, असं मी आजवर समजत होते.

तू भिंतीवर ज्यांचे फोटो लावलेस, त्या फर्निचर करणाऱ्या बायकांबद्दलही मी वाचलं. आई काही वाचत नाही असं समजू नकोस. मीरा नाकाशिमा १९४२ साली जन्मली. तान्ही असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेतल्या जपानी लोकांच्या नजरकैदेच्या छावणीत होती, आणि तिथेच तिच्या वडिलांना एका जपानी सुताराने परंपरेची हत्यारं चालवायला शिकवलं. पोरगी आर्किटेक्चर शिकली, वडिलांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबली आणि १९९० मध्ये ते गेल्यावर तिने वर्कशॉप पुढे चालवलं. दुसरी ती वेंडी मारुयामा. तिला ऐकू कमी येतं, सेरेब्रल पाल्सीही आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेतून फर्निचरची मास्टर्स पदवी मिळवणाऱ्या पहिल्या दोन बायकांपैकी ती एक, आणि ते साल १९८०. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, माझ्याच हयातीतली. पात्याचा बदललेला आवाज ज्याने ऐकायचा तो कानच मंद असताना ही बाई अशा यंत्रांवर काम करते, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

पण बघ हं, मीराच्या वर्कशॉपमध्ये कारागीर होते. वेंडीने सॅन डिएगोला वर्षानुवर्षं शिकवलं, म्हणजे आजूबाजूला विद्यार्थी. बाल्टिमोरच्या सारा मॅरेजने तर बायकांसाठी सामाईक वर्कशॉपच उभं केलं. यातली कुठलीही बाई रात्री साडेअकराला आतून कडी लावून काम करत होती, असं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

तू म्हणशील, आली पुन्हा त्याच मुद्द्यावर. आले. तुझ्या मशीनचं दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेतं. मी हिशोब केला, दात सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धावतो. फळी मागच्या बाजूला पात्यावर आवळली गेली किंवा कडेच्या पट्टीपासून जराशी फिरली, की मागचे वर येणारे दात तिला उचलून तुझ्या अंगावर फेकतात. म्हणून पात्यामागची ती पातळ पाचर काढून ठेवायची नाही, फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुकडा छोटा असला तर काठीने ढकलायचा. केस बांधायचे. हातमोजे घालायचे नाहीत, ते पात्यात अडकले तर सगळा हात ओढला जातो. माझा सगळा जन्म मोज्याशिवाय कशाला हात न लावण्यात गेला, आणि तुझ्याकडे मोजा हाच धोका.

आणि कधी तसं काही झालंच, तर तुटलेला भाग नळाखाली घासत बसायचं नाही. स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचा, कोरड्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर कधीच नाही, पेशी मरतात. हाताची जखम दाबून धरायची आणि वर उचलून ठेवायची. या सगळ्याला दुसरं माणूस लागतं, सई. एका हाताने हे होत नाही. मी हे थिएटरच्या बाजूने पाहिलं आहे. वेळेत आणलेली बोटं जोडली गेलेली पाहिली, आणि माणूस एकटं होतं म्हणून उशिरा पोचलेलीही.

हे लिहायचं नव्हतं. खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील. लेक्चर झालं, माफ कर.

दातांना बोटाची चामडी लागताच पातं पाच मिलिसेकंदांत थांबवणारं ते सॉस्टॉप म्हणून मशीन आहे, त्याबद्दलही मी वाचलं. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो, पातं आणि ठोकळा दोन्ही वाया जातात, बोटावर नुसता ओरखडा राहतो. महाग आहे, हे तू सांगण्याआधीच मला कळलं आहे. माझी एक ठेव पिकते आहे. भीक म्हणून नको असेल तर कर्ज म्हणून घे, कागदावर लिहून. व्याजही लावीन हवं तर.

तोपर्यंत मशीनचं काम कुणीतरी हाकेच्या अंतरावर असताना कर. रात्री काम केल्याशिवाय राहवतच नसेल तर आखणी कर, सँडपेपर मार, तेल लाव. आणि हो, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल सुकताना गरम होतं आणि गोळा आपोआप पेट घेतो. पसरून वाळव. बघ, रात्रीचं निरुपद्रवी काम शोधायला गेले आणि त्यातही आग निघाली.

मिहीर शनिवारी येतो आहे, त्याच्याबरोबर मास्क पाठवते, दोन मापांचे. बाजारातले बरेचसे पुरुषांच्या चेहऱ्यावर बेतलेले असतात, तुझ्या हनुवटीपाशी फट राहते, मी फोटोत पाहिलं. लाकडाची बारीक धूळ कॅन्सर करते, नाकाच्या पोकळीचा. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने ती १९९५ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत टाकली आहे. मास्क घातल्यावर जोरात श्वास सोड, चष्म्यावर वाफ आली तर तो बसलेला नाही. टेबलाचंही बघ. ते आधीच्या उंच माणसासाठी केलेलं आहे आणि तू खांदे वर करून रंधा मारतेस. पाय कापून घे. टेबलाचे म्हणते आहे.

तो नवा गिऱ्हाईक घरी आला आणि "मिस्त्री कुठे आहेत?" असं तुलाच विचारलं, तेव्हा तू त्याला काय उत्तर दिलंस ते मिहीरने सांगितलं. माझं ते शेजारी दोघीतिघींना सांगून झालं आहे. आप्पांनाही सांगितलं. ते हसले नाहीत, पण संध्याकाळी त्यांच्या पाटाची निघालेली पट्टी तुझ्याकडून बसवून मिळेल का, असं विचारत होते.

टाके कधी काढायचे ते कळव. दहाव्या दिवसाच्या आत काढू देऊ नकोस, अंगठ्याच्या घडीवर ताण येतो.

तुझी,
आई

ता. क. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मला खालचं स्टूल चालत नाही. त्रेचाळीस सेंटिमीटर उंचीचं एक हवं आहे, उठताना धरायला बाजूला खाच असलेलं. घाई नाही, दिवसा कर. आप्पांना फुकट करून देशील तसं मला द्यायचं नाही. लाकूड किती, मजुरी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं बिल हवं, आणि मजुरी लिहिताना लाजू नकोस.