मे १९८२ मधे कुठला भोंगा?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतली लालबागच्या चाळीतली प्रेमकथा वाचली. भाषा झकास आहे, वादच नाही, पण गोष्ट घडते मे १९८२ मधे आणि हिरो गिरणीचा भोंगा ऐकून पहिल्या पाळीला पळतोय. अहो, १८ जानेवारी १९८२ पासून कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप चालू होता, लाखो कामगार घरी बसलेले, मग हा बाबा कुठल्या गिरणीत चाललाय? पुढे तर तो मुलीच्या मागोमाग रात्रीच्या रेल्वेने कणकवलीला पोचतो! मुंबईहून सलग कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ ला, तोवर एसटीच्या लाल डब्यात हाडं खिळखिळी करून घ्यायची.

बरं, तारखांचं एकवेळ सोडा. लालबाग, चाळ, गणपती, वडापाव एवढी नावं पेरली की वातावरण झालं असं लेखकाने धरलंय, ते मला खटकलं. जागा खरी कधी वाटते, तर ती पात्रांना आडवी येते तेव्हा. एवढ्याशा खोलीत दहा-पंधरा गाववाले पाळीपाळीने झोपायचे, एक उठून कामाला गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. तिथे हे दोघं भर दुपारी तासभर खोलीत गप्पा मारतात आणि कोणी डोकावत पण नाही? चिठ्ठी द्यायची तर नळावर नाहीतर कॉमन गॅलरीत, आणि दोन्हीकडे चार जणी उभ्याच. एवढं जरी लिहिलं असतं तरी गोष्टीत आपोआप ताण आला असता, तो व्हिलन मामा कशाला पाहिजे होता (तसाही तो सिरियलमधून उचलल्यासारखा वाटतो).

आणि संप खरा धरला असता तर काय गोष्ट झाली असती! पगार बंद, खानावळवालीची उधारी चढलेली, कितीतरी जण गाशा गुंडाळून गावी गेलेले. एरवी मुंबईहून गावी मनीऑर्डर जायची, आता गावच्या तांदळावर इथली चूल पेटायची. अशात लग्नाचं कोण कोणाकडे कुठल्या तोंडाने बोलणार? लेखकाच्या हातात हे सगळं आयतं होतं.

पुढच्या वेळी अशी कथा छापायच्या आधी परळ-लालबागच्या एखाद्या जुन्या गिरणी कामगाराला वाचायला द्या, एका कटिंगवर काम होईल.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली