ग्लासगोच्या मोबाइल दुकानातल्या नांदेडकरास

प्रिय नांदेडकर,

तुझं नाव इथे लिहीत नाही. "काकू, नाव टाकू नका, मालक वाचेल," असं तूच बजावलंस. मालकाला मराठी येत नाही हे खरं, पण हल्ली भाषांतर करून घ्यायला कितीसा वेळ लागतो? आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला 'हे घेऊ नका' म्हणणारा पोरगा कुठल्याच मालकाला परवडत नाही. व्हॉट्सॲपवर आभार मानले तर तू नुसता एक अंगठा पाठवलास. म्हणून आता हे चारचौघांत आणि सविस्तर.

आम्ही आलो होतो मोठा डेटा पॅक घ्यायला. सांगलीहून निघताना घेतलेला रोमिंग पॅक पहिल्याच रात्री संपला होता आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने स्कॉटलंडच्याच स्काय बेटाकडे निघायचं होतं. गाडी हे चालवणार आणि मी शेजारी टॅबलेट घेऊन रस्ता सांगणार, असं ठरलेलं. चष्मा लावूनही फोनवरचा नकाशा मला दिसत नाही, म्हणून टॅबलेट. त्याला नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून.

तू पॅक काढायच्या आधी टॅबलेट मागितलास. दोन मिनिटं बोटं फिरवलीस आणि म्हणालास, "काकू, नकाशाने काहीच खाल्लं नाही. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट यांनी खाल्लंय. ह्याला हॉटस्पॉट म्हणजे घरचं वायफायच वाटतं." मग टॅबलेटच्या कडेला सिमचा कप्पा आहे का ते बघितलंस. आम्ही तो कधी उघडलाही नव्हता. "सिम नसलं तरी चालेल, पण कप्पा आहे हे चांगलं. नुसतं वायफायवालं आयपॅड असतं तर त्यात जीपीएसच नसतं." ही गोष्ट टॅबलेट विकत घेताना आम्हाला कोणी सांगितली नव्हती. रंग मात्र चार दाखवले होते.

त्यानंतर जे केलंस, त्यासाठीच खरं तर हे पत्र. टॅबलेट विमान मोडवर टाकलास, लोकेशन चालू ठेवलंस आणि आम्हा दोघांना दुकानाबाहेर फुटपाथवर नेलंस. भुरभुर पाऊस पडत होता. नकाशावरचा ठिपका राखाडी. "थांबा, नेट नाही म्हणून थोडा वेळ घेईल," म्हणालास. मी बाहीने काच पुसत होते. मिनिटभराने ठिपका निळा झाला आणि बरोबर आम्ही उभे होतो त्या कोपऱ्यावर येऊन बसला. हे म्हणाले, "नेट नसताना?" तू सांगितलंस की उपग्रह 20,000 किलोमीटरच्या वर आहेत, ते आपले संदेश सोडत राहतात आणि टॅबलेट नुसता ऐकतो. चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठे आहोत ते तो स्वतःच काढतो. त्याचे पैसे कोणालाच द्यावे लागत नाहीत. डेटा लागतो तो खालचा नकाशा आणायला, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. यांनी लगेच आपल्या नाविकचं, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रहांचं, विचारलं. ते भारत आणि भोवतालचे 1,500 किलोमीटर एवढ्यासाठीच आहे, इथे अमेरिकेचं जीपीएस आणि युरोपचं गॅलिलिओ, असं तू न कंटाळता सांगितलंस. रांगेत मागे माणसं होती, हेही नमूद करते.

दुकानाच्या वायफायवर तू ग्लासगोपासून स्कायपर्यंतचा नकाशा गुगल मॅप्समध्ये उतरवून दिलास. तो गाडीचा रस्ता दाखवेल, पण नेटशिवाय पायवाट सांगणार नाही, म्हणून ऑर्गॅनिक मॅप्स हे दुसरं नकाशाचं ॲप वेगळं टाकलंस. स्कायवरच्या क्विरँगच्या डोंगरात धुकं उतरलं तेव्हा त्याच्यावरच्या तुटक रेघेनेच आम्ही गाडीपर्यंत परत आलो. आकडे किलोमीटरवरून मैलांवर नेलेस, कारण तिथल्या पाट्या मैलांत. आणि टॅबलेट काकांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, गाडी चालवताना हातात धरलेला सापडला तर 200 पौंड दंड, हे असं सांगितलंस की ह्यांनी संपूर्ण प्रवासात टॅबलेटकडे मान वळवून बघितलं नाही. त्याबद्दल वेगळे आभार.

पत्त्यांचा विषयही तूच काढलास. मी टपाल खात्यात नोकरी केली, त्यामुळे पिनकोडवर माझा भारी विश्वास. आपली पिनकोडची पद्धत 1972 साली बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, हे मी तुला ऐकवलंच. तू म्हणालास, शहरात इथला पोस्टकोड थेट गल्लीत नेतो, पण हायलँड्समध्ये, म्हणजे वरच्या डोंगराळ भागात, एकाच कोडमधली घरं मैलामैलावर पसरलेली असतात. मग प्रत्येक मुक्कामाची जागा बुकिंगच्या मेलमधून शोधून नकाशावर खूण करून दिलीस. रात्री दिव्याशिवायच्या रस्त्यावर ती खूण नसती तर आम्ही कोणाच्या तरी मेंढ्यांच्या वाड्यात मुक्काम केला असता.

टिंड्रम गावाच्या पुढे रॅनोख मूर हा ओसाड माळ लागला आणि फोनची रेंज गेली. ठिपका मात्र ए82 रस्त्यावरून शांतपणे सरकत होता. ग्लेनकोच्या दरीत समोरचे डोंगर बघायचे सोडून मी तो ठिपकाच बघत बसले, तेव्हा हेच म्हणाले, "अगं, बाहेर बघ की."

ॲपलक्रॉस गावाच्या रस्त्याचं तू सांगितलं नसतंस तर काय झालं असतं, देव जाणे. लॉख किशॉर्न या खाडीच्या काठाने गेल्यावर एक फाटा येतो. तिथून डावीकडे बेलाख-ना-बाचा घाट, समुद्रसपाटीपासून थेट 626 मीटर वर, एकेरी रस्ता, कुठे कुठे पाचास एक असा चढ. नवशिके, मोठ्या गाड्या आणि कॅरव्हॅन यांनी जाऊ नये अशी मोठी पाटीच आहे. टॅबलेट म्हणाला डावीकडे. मी म्हणाले सरळ. आंबा घाटात गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं, पण वर धुक्यात काही दिसत नव्हतं आणि तू बजावलं होतंस, "नकाशाला अंतर कळतं काकू, धुकं कळत नाही." शील्डेग गावाकडून किनाऱ्याने गेलो. सत्तरच्या दशकात झालेला रस्ता, तोही एकेरीच, पण समोरून येणारी गाडी लांबून दिसते. पासिंग प्लेस, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायची रुंद जागा, आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर थांबायचं, हे मी दर वळणावर म्हणत होते. टॅबलेट बराच वेळ मागे वळा, मागे वळा करत राहिला, मग दमला आणि त्यानेही नवा रस्ता काढला. नकाशा दीड तास म्हणाला तर दोन-सव्वादोन धरा, हा तुझा हिशोबही खरा निघाला.

मोठा पॅक आम्ही घेतला नाही. तू दिलेल्या छोट्या पॅकच्या सिमवर रोज रात्री मुलाला फोन झाला, हवामान बघून झालं आणि तरी डेटा उरला. तुझ्या दुकानाचं आमच्यापायी नुकसान झालं म्हणायचं.

तुझ्या आईचा नंबर तू दिलास तो मी सेव्ह केलाय. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला नांदेडला जातोय, तेव्हा भेटून येऊ. तुला काय पाठवायचं ते त्यांनाच विचारते, कारण तुला विचारलं तर तू परत अंगठाच पाठवशील.

तुझी,
सांगलीची काकू