गड्ड्यावरचं भांडण

सोलापूर,
२५ जानेवारी

प्रिय राजा,

गड्ड्याच्या जत्रेत अर्धा चहा माझ्या हातात देऊन तरातरा निघून गेलास, हे काही बरं नाही केलंस बे. ‘बोलणी भित्र्यांनी करावीत’ असं तू म्हणालास, मग मीही तुला टीव्हीवरचा जनरल म्हटलं. तेवढं मागे घेतो. बाकीचं नाही.

तुझा काश्मीरमधल्या हाजीपीर खिंडीचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाहीये. ऑगस्ट १९६५ मध्ये जवानांनी जिवावर उदार होऊन खिंड घेतली आणि जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदच्या करारात ती पाकिस्तानला परत द्यायचं ठरलं. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

पण १९७१ चं सगळं श्रेय तू रणगाड्यांना देतोस, तिथं माझं अडतं. लढाई चालली १३ दिवस. त्याआधीचे आठ महिने? एप्रिलमध्ये आपण ‘इतक्यात नको’ म्हटल्याचं लष्करप्रमुख माणेकशॉ स्वतः सांगायचे. ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला. नंतर इंदिराबाई युरोप-अमेरिकेत निर्वासितांचं गाऱ्हाणं मांडत फिरल्या. आणि डिसेंबरात सुरक्षा परिषदेत रशियाने युद्धबंदीच्या ठरावांवर तीनदा नकाराधिकार वापरला नसता, तर ढाक्यापर्यंत पोचायला वेळ मिळाला असता का? तुझ्या आबांच्या यंत्रमाग कारखान्यात कोपऱ्यात बसून बीमच्या, म्हणजे ताण्याच्या रोळाच्या, तारा एकेक करून सांधणारा म्हातारा आठवतो? माग खडखडायला लागल्यावर त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. बोलणी करणाऱ्यांचंही तसंच.

परवा भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकापाशी उगाच थांबलो. १९३८ ला आपल्या गावचा हा डॉक्टर युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेला, १९४२ मध्ये तिथंच वारला, अवघ्या ३२ व्या वर्षी. तू म्हणशील, मग १९६२ ला काय झालं? मान्य. डॉक्टर पाठवून सीमा राखता येत नाही, आणि १९६७ मध्ये सिक्कीमच्या नथू ला खिंडीत आपल्या तोफांनीच जरब बसवली. लष्कर नको असं मी कधी म्हणालो रे? आधी तोफ आणि मग विचार, याला माझा विरोध आहे. तरीही चीनचे नेते इकडे आले की कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटत आलेत. त्याला तू खुशाल नाटक म्हण. मला ते दार पूर्ण लावून घ्यावंसं वाटत नाही.

आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिलीय, सोबत पाठवतोय. डब्यावर ‘जनरलसाहेब’ लिहिलंय ते तिनं. माझा काही संबंध नाही.

तुझा,
दत्ता