परीक्षेत न विचारले जाणारे

परभणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कादंबरी हातात घेतली की दहाबारा पानांपुढे मन टिकत नाही असे तू लिहितोस आणि त्याचा सगळा दोष मोबाईलला देतोस. मोबाईलचा वाटा मी नाकारत नाही. परंतु आपल्यासारख्या मराठवाड्यातल्या कित्येकांच्या हातून वाचनाचा आनंद निसटला तो मोबाईल येण्याच्या आधीच, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

शाळेत असताना वाचनालयातून आणलेले पुस्तक एकाचे वाचून होईपर्यंत दुसऱ्याला धीर धरवत नसे, हे तुला आठवत असेल. पुढे राज्यसेवेचा अभ्यास सुरू झाला आणि पान उघडण्याआधी हातात पेन्सिल येऊ लागली. डोळे वाक्य वाचत नसत. त्यातले साल, समितीचे नाव किंवा कलमाचा क्रमांक तेवढा वेचून पुढे जात. ज्या परिच्छेदातून प्रश्न निघण्याची शक्यता नाही तो ओलांडायचा, ही सवय आपण मेहनतीने अंगी बाणवली. तिच्याच बळावर तुला आणि मला नोकरी लागली, त्यामुळे मी तिला नावे ठेवत नाही. खेड्यातून येऊन अभ्यासिकेत रात्री काढणाऱ्या आजच्या मुलांकडेही मी आदरानेच पाहतो. मात्र परीक्षा संपल्या तरी ती सवय सुटली नाही. पुष्कळ वर्षांनी कादंबरी उघडली तेव्हा नदीचे, बाजाराचे किंवा एखाद्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन आले की माझी नजर आपोआप खालच्या संवादावर जाई, कारण त्या वर्णनावर कोणी काही विचारणार नव्हते. कथानक कळत होते, गोडी मात्र लागत नव्हती. आणि लेखकाने जीव ओतून लिहिलेलेच गाळल्यावर गोडी लागावी तरी कशी?

या बाबतीत आपल्या भागाचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी पुस्तक वाचून परीक्षेत गुण वाढत नव्हते आणि सरकारदरबारी बढतीही मिळत नव्हती. तरीही आपल्या परभणीत 1901 मध्ये गणेश वाचनालय उभे राहिले. भाषा जपण्याची तळमळ त्यामागे नक्कीच होती, पण दिवसभराचे काम आटोपून वाचनालयाची पायरी चढणारा माणूस केवळ कर्तव्यबुद्धीने येत असेल हे मला पटत नाही. त्याला वाचायला आवडत होते म्हणूनच तो येत असणार. बी. रघुनाथ (1913–1953) यांनी तर सरकारी नोकरी सांभाळून, चाळिशीच्या आतबाहेरच्या आयुष्यात कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे स्मरण झाले की वेळ मिळत नाही ही सबब माझ्या तोंडून निघत नाही.

म्हणूनच दर वर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी मुलांना वाचनाचे फायदे सांगितले जातात तेव्हा मला वाईट वाटते. त्या तासाभरात त्यांना एखादी चांगली कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली, तर फायद्याचा विषय काढावा लागणार नाही.

माझे वाचन परतले ते दिवाळी अंकांमुळे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर अंकही येत आले आहेत. पूर्वी मी ते विकत आणून ठेवत असे आणि ते तसेच राहत. एका वर्षी मात्र वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेचे शुल्क भरले आणि फरक लगेच जाणवला. अंक परत करण्याची तारीख ठरलेली असते आणि आपल्यामागे दुसरा सभासद त्याच अंकासाठी थांबलेला असतो. देवघेवीच्या टेबलापाशी तो विचारतो की ती गोष्ट कशी वाटली, आणि अंक न वाचता परत करणे जिवावर येते. मोबाईलमध्ये साठवलेल्या शेकडो पीडीएफ फायलींसाठी असे कोणीही थांबलेले नसते. तुझ्याकडे आज पुस्तकांची कमतरता नाही; तुझ्या वाचण्याची वाट पाहणारे माणूस तेवढे तुझ्याजवळ नाही, असे मला वाटते.

अशाच एका अंकात एक कथा होती. पेरणी करून बसलेला शेतकरी पावसाची वाट पाहतो, एवढेच तिच्यात दोन पाने चालले होते आणि घडत काहीच नव्हते. ती पाने संपल्यावर माझ्या ध्यानात आले की मी एकही ओळ गाळली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी मागे जाऊन ती पाने पुन्हा, या वेळी पुटपुटत, वाचली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, दुपारी घराबाहेर पडणे अशक्य असते त्या दिवसांत, मी एक जाडजूड कादंबरी सावकाश वाचून काढली.

तेव्हा तूही वर्षभरात अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा जो संकल्प केला आहेस तो सोडून दे, असे मी आग्रहाने सांगतो. तो अभ्यासक्रमच आहे. न आवडलेले पुस्तक खुशाल अर्ध्यावर परत कर. पेन्सिल मात्र दुसऱ्या खोलीत ठेव, आणि मोबाईलही तिथेच. तुझ्या घराजवळच्या वाचनालयाची अनामत किती आहे आणि दिवाळी अंकांची योजना तिथे आहे की नाही, याची चौकशी करून पुढच्या पत्रात कळव. योजना असेल तर आपण दोघे एकच अंक एकाच आठवड्यात आणू आणि त्यातल्या कथांविषयी एकमेकांना लिहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र